पाइपच्या आतला पाइप: प्लास्टिकचं अस्तर ५० वर्षं टिकतं, हे कशावरून?

रस्ता न खोदता जुनी मलवाहिनी दुरुस्त करायची झाली, की आतून प्लास्टिकचं अस्तर बसवायचं, हा आता जगभर रुळलेला मार्ग आहे. टेंडरमध्ये, कंपनीच्या माहितीपत्रकात, साइटवरच्या बोलण्यात या अस्तरासोबत एक आकडा हमखास येतो: आयुष्य ५० वर्षं. तो इतक्या सहज सांगितला जातो, की कुठून आला हे विचारायचं राहूनच जातं. हे तंत्र नवं होतं तेव्हा गटारात ५० वर्षं काढलेलं अस्तर जगात एकही नव्हतं. तरी आकडा दिला जात होताच. मग तो काढला कसा? आणि आता पहिली अस्तरं खरोखरच पन्नाशी ओलांडत असताना जमिनीखालून पुरावा काय मिळाला?

माझं मत आधीच मांडतो. जमिनीतून काढून तपासलेले नमुने पाहिले, तर प्लास्टिक स्वतः फार चांगलं तग धरतं. अस्तराचं आयुष्य ठरतं ते कागदावर त्याची जाडी ठरवताना आणि नंतर साइटवर रेझिन (टणक झाल्यावर प्लास्टिक बनणारा चिकट द्रव) घट्ट होत असतानाच्या काही तासांत. ५० वर्षं हे एका हिशेबाचं उत्तर आहे. हिशेबात घातलेल्या गोष्टी बदलल्या, की उत्तर बदलतं.

काम होतं ते असं. आधी जेटिंग मशीन लावून, म्हणजे जोराच्या पाण्याच्या फवाऱ्यानं, गाळ काढतात, आत शिरलेली मुळं कापतात, कॅमेरा फिरवून तडे आणि गळती पाहतात. मग पाइपच्या मापाची, पॉलिएस्टर फेल्टची, म्हणजे नमद्यासारख्या जाड कापडाची, लांबच लांब नळी येते. ती कारखान्यातच द्रव रेझिनमध्ये भिजवलेली असते. आतली हवा पंपानं खेचून घेतात, म्हणजे रेझिन धाग्याधाग्यात शिरतं. ही ओली, लिबलिबीत नळी मॅनहोलमधून आत सोडतात. पाण्याच्या किंवा हवेच्या दाबानं ती आतून बाहेर उलटत पुढे सरकते आणि जुन्या पाइपच्या भिंतीला टेकून बसते. मग आतून गरम पाणी किंवा वाफ फिरवली, की काही तासांत रेझिन टणक होतं. फेल्टऐवजी काचतंतूंची नळी असेल तर आतून अतिनील दिव्यांची छोटी गाडी ओढत नेतात आणि त्या प्रकाशानं रेझिन पिकतं. शेवटी, अस्तरामुळे बुजलेली घरांच्या जोडण्यांची तोंडं आतूनच रोबोट कटरनं कापून मोकळी करतात.

या तंत्राचा जनक एरिक वुड हा ब्रिटिश अभियंता. पहिलं काम १९७१ साली पूर्व लंडनमधल्या हॅकनी भागात, मार्श लेनच्या गटारात झालं. ते गटार विटांचं, अंडाकृती, सुमारे १०० वर्षं जुनं होतं आणि अस्तर बसवलेली लांबी होती ७० मीटर.

एकदा टणक झालेलं हे रेझिन पुन्हा वितळत नाही. जुन्या पाइपच्या आत एक नवा, सांधे नसलेला पाइप तयार होतो.

या नव्या पाइपवर भार कसला येतो? बहुतेकांच्या मनात आधी वरून जाणारे ट्रक येतात. पण जुना पाइप तडकलेला असला तरी बहुधा तो जागेवर उभा असतो आणि मातीचं, वाहतुकीचं ओझं तोच पेलत असतो. अस्तराला दाबतं ते भूजल. तड्यांतून, सांध्यांतून झिरपणारं पाणी आधी गटारात पडून वाहून जायचं. अस्तर बसलं की ती वाट बंद होते. पाणी जुना पाइप आणि अस्तर यांच्या मधल्या बारीक फटीत साचतं आणि अस्तराला बाहेरून आत ढकलत राहतं. पाइपच्या तळापासून भूजल तीन मीटर उंच असेल, तर हा दाब दर चौरस मीटरला तीन टन इतका होतो. रात्रंदिवस, वर्षानुवर्षं.

प्लास्टिकची खरी परीक्षा या सततच्या भारातच आहे. पुस्तकांनी भरलेली प्लास्टिकची फळी पहिल्या दिवशी सरळ असते. वर्षभरानं पुस्तकं तेवढीच, पण फळीला बाक आलेला असतो. पोलादात नेहमीच्या तापमानाला असं जवळपास होत नाही. प्लास्टिकमध्ये होतं, कारण त्याच्या लांबलचक रेणुसाखळ्या भाराखाली हळूहळू सरकत जातात. टणक झालेल्या रेझिनमध्ये या साखळ्या एकमेकींना बांधलेल्या असतात, म्हणून सरकणं कमी असतं, पण थांबत नाही. याला क्रीप म्हणतात, आणि ५० वर्षांचा सगळा हिशेब या क्रीपवर उभा आहे.

क्रीप मोजण्याची चाचणी दिसायला अगदी साधी आहे. अस्तरातून कापलेली एक पट्टी दोन टेकूंवर आडवी ठेवतात. मध्यभागी ठरावीक वजन लावतात आणि पट्टी किती वाकली ते गेजवर वाचतात. पहिल्या तासाला, दहाव्या तासाला, शंभराव्या तासाला. वजन हलवायचं नाही, खोलीचं तापमान २३ अंशांवरून ढळू द्यायचं नाही. असं १०,००० तास चालतं, म्हणजे जवळपास १४ महिने. तेवढ्या काळात पट्टीचा बाक नुसत्या डोळ्याला फारसा जाणवणारही नाही, पण वहीत आकड्यांची एक रेषा तयार होते.

५० वर्षं म्हणजे ४,३८,००० तास. चौदा महिन्यांच्या नोंदीवरून अर्ध्या शतकाचं भाकीत करणं ऐकायला धाडसाचं वाटतं. प्रत्यक्षात ते तितकं धाडसाचं नाही, कारण वाकण्याचा वेग सतत मंदावत जातो. पट्टी १ ते १० तासांत जेवढी वाकते, साधारण तेवढीच ती १० ते १०० तासांत वाकते, आणि जवळपास तेवढीच १०० ते १,००० तासांत. प्रत्येक टप्पा आधीच्या दसपट लांब. १०,००० तासांपर्यंत असे चार टप्पे पाहून झालेले असतात आणि तिथून ५० वर्षांपर्यंत दीडहून थोडा जास्त टप्पा उरतो. चार टप्पे पाहून पुढच्या दीड टप्प्याचा अंदाज बांधणं रास्त आहे. मात्र त्या दीड टप्प्यात काही नवीन घडता कामा नये. तापमान वाढलं, रसायनानं रेझिन पोखरलं, तर वहीतली रेषा मध्येच खाली वळेल, आणि चौदा महिन्यांच्या नोंदीत त्याची चाहूलही लागलेली नसेल.

अमेरिकेच्या एएसटीएम एफ १२१६ या मानकानुसार डिझाइन करताना सर्रास प्रघात असा आहे, की ५० वर्षांच्या भाराखाली ताठरता, म्हणजे वाकण्याला होणारा विरोध, निम्मी उरेल असं धरायचं. पॉलिएस्टर रेझिनच्या नव्या अस्तराची ताठरता किमान १,७२४ मेगापास्कल हवी, तर हिशेबात घ्यायची ८६२.

या निम्म्यावरून मोठा गैरसमज होतो, म्हणून इथे जरा थांबतो. ५० वर्षांनी अस्तराचा तुकडा काढून प्रयोगशाळेत मोजला तर ८६२ येईल, असा याचा अर्थ नाही. नवीन पट्टीवर भार टाकून लगेच बाक मोजला, आणि तोच भार ५० वर्षं ठेवून पुन्हा मोजला, तर दुसरा बाक पहिल्याच्या दुप्पट असेल, एवढंच तो आकडा सांगतो. भार उतरवून त्याच पदार्थाची नव्यानं, काही मिनिटांची चाचणी घेतली, तर ताठरता जवळपास मूळचीच दिसली पाहिजे. त्यामुळे जुना तुकडा काढून त्याची ताठरता टिकलेली दिसली, तर रेझिन रासायनिकदृष्ट्या शाबूत आहे हे सिद्ध होतं. क्रीपचा अंदाज बरोबर होता की नाही, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी अस्तर जागेवर असताना त्याचा आकार पाहावा लागतो: कुठे चपटेपणा आलाय का, आत फुगवटा आलाय का. जुन्या अस्तरांच्या बातम्या वाचताना ‘ताठरता तेवढीच आहे, म्हणजे अजून ५० वर्षांची चिंता नाही’ असा निष्कर्ष काढलेला दिसतो, तो घाईचा आहे.

आता हिशेब. ६०० मिलिमीटर व्यासाची मलवाहिनी घ्या. भूजल तळापासून ३ मीटर वर, ताठरता निम्मी धरलेली, सुरक्षितता गुणांक २ (म्हणजे लागेल त्याच्या दुप्पट ताकद), आणि जुना पाइप दोन टक्के लंबगोल झालेला. मानकातल्या सूत्रात हे घातलं की अस्तराची जाडी सुमारे १० मिलिमीटर निघते. हे सूत्र आहे ते अस्तर अचानक आत दबण्याचं, म्हणजे एका बाजूनं पोचा पडून कोसळण्याचं. या दाबासमोर टिकण्याची ताकद जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. दहाऐवजी नऊ मिलिमीटर जाडी भरली तर जाडी दहा टक्क्यांनी कमी होते, पण ताकद सत्तावीस टक्क्यांनी. साइटवर ‘एक मिलिमीटरनं काय होतंय’ असं कुणी म्हणालं, तर उत्तर हे आहे.

जुन्या पाइपचा आकारही तेवढाच भारी पडतो. तोच पाइप दोनऐवजी पाच टक्के लंबगोल असेल, तर त्याच अस्तराची ताकद जवळजवळ पाव भागानं घटते. म्हणून आधीच्या कॅमेरा तपासणीत फक्त तडे मोजून भागत नाही, आकार मोजावा लागतो. आपल्याकडच्या कामांत हा भाग सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतो असं मला वाटतं.

हाच घनाचा नियम उलट्या बाजूनंही लागू होतो, आणि ते फार कामाचं आहे. समजा निम्मी ताठरता उरेल या गृहीतावर तुमचा भरवसा नाही. तुम्ही कडक धोरण घेतलं आणि फक्त पस्तीस टक्के उरेल असं धरलं. मग जाडी किती वाढवावी लागेल? वरच्या उदाहरणात साधारण सव्वा मिलिमीटर. एवढ्याशा वाढीनं दीर्घकाळाच्या अनिश्चिततेचा मोठा हिस्सा झाकला जातो. वाहतूक वळवणं, बॉयलर, माणसं, जेटिंग या सगळ्या खर्चात वाढीव रेझिनचा हिस्सा लहान असतो. मी निर्णय घेणारा असतो, तर हे सव्वा मिलिमीटर कधीच वाचवले नसते.

जमिनीखालून आलेल्या पुराव्याकडे वळू. हॅकनीच्या पहिल्या अस्तराचा तुकडा २० वर्षांनी, १९९१ मध्ये काढून तपासला. ताकद अपेक्षित निकषांच्या वर भरली. याहून तपशीलवार काम अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं केलं. तिचा अहवाल २०१२ चा आहे. डेन्व्हर आणि कोलंबस या दोन शहरांतल्या चार अस्तरांचे नमुने त्यात तपासले गेले. डेन्व्हरमधलं एक २५ वर्षांचं, ८ इंची भाजक्या मातीच्या पाइपमधलं. दुसरं २३ वर्षांचं, ४८ इंची गटारातलं. कोलंबसमधलं एक २१ वर्षांचं, ३६ इंची विटांच्या गटारातलं, आणि तुलनेसाठी एक अवघं ५ वर्षांचं. निष्कर्ष दिलासा देणारा होता: अस्तरं उत्तम स्थितीत होती आणि ५० वर्षांचा पल्ला गाठणार नाहीत असं मानायला काही कारण सापडलं नाही.

त्या अहवालातल्या दोन बारीक गोष्टी मला निष्कर्षाहून मोलाच्या वाटतात. जुन्या अस्तरांवर सगळ्यात आतल्या बाजूला पॉलियुरेथेनचा पातळ थर होता. रेझिन टणक होईपर्यंत पाणी आणि रेझिन वेगळं ठेवायचं, एवढंच त्याचं काम. हा थर बऱ्याच ठिकाणी झिजून, पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन गेलेला होता. मूळ अस्तराला त्यानं धक्का लागलेला नव्हता, पण कॅमेऱ्यात असा सोललेला थर पाहून ‘लाइनर (म्हणजे अस्तर) उखडला’ अशी ओरड होऊ शकते. नंतरच्या काळात त्या जागी पॉलिइथिलीन आलं, ते जास्त टिकतं. दुसरी गोष्ट अशी, की ४८ इंची गटारातल्या नमुन्याची ताठरता आजच्या किमान निकषापेक्षा कमी भरली. ती २३ वर्षांत कमी झाली, की पहिल्या दिवसापासूनच कमी होती? याचं उत्तर पहिल्या दिवशीचा तुकडा आणि त्याचे आकडे जपून ठेवले असतील तरच देता येतं. कितीही भारी प्रयोगशाळा हा हरवलेला आकडा परत आणू शकत नाही.

हे सगळे नमुने थंड प्रदेशांतले, हेही विसरून चालत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात सांडपाण्याचं तापमान सहज ३० अंशांपर्यंत जातं. मुंबईतल्या जुन्या मलवाहिन्यांतही न खोदता अस्तर बसवण्याची कामं झाली आहेत. तिथे समुद्र जवळ, भूजल वर, आणि पावसाळ्यात ते आणखी वर चढतं. म्हणजे बाहेरचा दाब मोठा आणि ऊबही जास्त. रसायनशास्त्रातला ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढलं तर रासायनिक क्रियेचा वेग दुपटीच्या आसपास जातो. क्रीपही उष्णतेत वाढतं. २३ अंशांवरच्या चाचणीचा आकडा ३० अंशांच्या गटाराला जसाच्या तसा लावणं मला पटत नाही. चाचणीच जास्त तापमानाला करून मागावी, नाहीतर दीर्घकालीन ताठरता मुद्दाम कमी धरून जाडी वाढवावी. पॉलिइथिलीनच्या पाइपांत ही शिस्त आधीपासून आहे: २० अंशांना जो दाब चालतो, त्याच्या ८७ टक्केच ३० अंशांना धरायचा, आणि ४० अंशांना ७४ टक्के. फेल्ट आणि रेझिनच्या अस्तरांबाबत अशी सवय आपल्याकडच्या टेंडरांतही यायला हवी.

उबदार सांडपाण्याचा आणखी एक परिणाम असतो. संथ वाहणाऱ्या पाण्यात जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. तो वायू वर जातो, पाइपच्या ओलसर छताला लागतो आणि तिथे दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात. काँक्रीटचं छत यामुळेच आतून पोखरलं जाऊन बसतं. इथे प्लास्टिकचं अस्तर काँक्रीटहून कितीतरी सरस आहे, कारण पॉलिएस्टर रेझिनला या आम्लाची फारशी बाधा होत नाही. अल्कलीनं मात्र पॉलिएस्टरचे बंध लवकर तुटतात, त्यामुळे धुलाई किंवा रासायनिक कारखान्यांचं पाणी येणाऱ्या वाहिनीत व्हिनाइल एस्टर किंवा इपॉक्सी रेझिनचा विचार करतात. काचतंतूंच्या अस्तरात वेगळी काळजी घ्यावी लागते. साधी काच ताणाखाली असताना तिच्यापर्यंत आम्ल पोचलं तर तंतू तडकतात, म्हणून आम्लाला दाद न देणारी खास काच वापरतात आणि ताण व आम्ल एकत्र लावून दीर्घ चाचणी घेतात.

आणि आता कामाचा दिवस. माझ्या मते निम्म्याहून जास्त आयुष्य इथे ठरतं.

भिजवलेली नळी कारखान्यातून निघाली, की रेझिन गरम होऊ द्यायचं नसतं. बर्फात किंवा शीतपेटीच्या ट्रकमधून ती आणतात. मे महिन्याच्या दुपारी ट्रक ट्रॅफिकमध्ये अडकला, तर नळी वाटेतच घट्ट व्हायला लागू शकते, आणि अर्धवट ताठरलेली नळी पाइपच्या वळणांना नीट टेकत नाही. तिच्या घड्या पडतात. त्या घड्या कायमच्या राहतात, त्यात कचरा अडकतो आणि दाबाखाली अस्तर बसतं तेही बहुधा अशा घडीपासूनच.

पाइपमध्ये भूजल गळत असेल तर ते थांबवूनच अस्तर आत घालायला हवं, किंवा मध्ये आधी प्लास्टिकची पातळ नळी तरी टाकायला हवी. तसं केलं नाही, तर वाहतं पाणी रेझिन धुऊन नेतं. शिवाय ते थंड असतं. गरम पाणी आतून फिरत असताना पाइपचा तळ बाहेरून थंड पाण्यात बसलेला असतो, आणि वाफेच्या पद्धतीत तर वाफेचं झालेलं पाणीही तळाशीच साचतं. वरचा भाग छान पिकतो आणि तळ कच्चा राहतो. म्हणून मॅनहोलपाशी, अस्तर आणि जुना पाइप यांच्या मध्ये, नेमक्या तळाला तापमान मोजणाऱ्या तारा बसवायच्या असतात. बॉयलरवरचा काटा ८० दाखवतो म्हणजे तळाला ८० आहे, असं नाही. रेझिन घट्ट होताना स्वतःही उष्णता सोडतं. तळाच्या तारेवर तापमान चढून, शिखर गाठून उतरायला लागलं, की तिथलं रेझिन पिकू लागल्याची खूण मिळते. ती खूण दिसल्यावरही ठरलेला वेळ उष्णता चालू ठेवावी लागते.

त्यानंतर थंड करणं. गरम पाण्याच्या पद्धतीत पाणी ३८ अंशांच्या खाली येईपर्यंत आतला दाब सोडायचा नसतो. आपल्याकडे उन्हाळ्यात टँकरनं येणारं पाणीच तिशीच्या वर असतं, त्यामुळे या पायरीला वेळ लागतो. रस्ता पहाटेपर्यंत मोकळा करून द्यायचा असतो, सगळे दमलेले असतात, आणि नेमकी इथे घाई होते. घाईनं थंड केलेलं अस्तर आकसतं, जुन्या पाइपपासून सुटतं, घरांच्या जोडण्यांपाशी सरकतं. मधली फट वाढली की भूजल त्या फटीतून वाहत जाऊन जोडण्यांच्या कापलेल्या कडांतून आत येतं. अस्तर शाबूत आणि गळती पूर्वीइतकीच, अशा कामांमागचं एक नेहमीचं कारण हेच असतं.

कच्चं राहिलेलं रेझिन दिसायला पिकलेल्यासारखंच दिसतं. कॅमेऱ्यात फरक कळत नाही. म्हणून तुकडा कापून तपासणं हाच उपाय, आणि तुकडा कुठून कापला याला फार महत्त्व आहे. काही वेळा मॅनहोलमधल्या गरम पाण्यात अस्तराचीच एक सपाट पट्टी वेगळी टांगून पिकवतात आणि तिचा अहवाल जोडतात. त्या पट्टीला ना थंड जमीन लागते, ना गळतं भूजल. तिचे आकडे चांगले येणारच. खरा नमुना म्हणजे मॅनहोलमधून पुढे आलेला, पाइपमध्येच पिकलेला गोल तुकडा.

जर्मनीत या बाबतीत जे चालतं ते मला मनापासून आवडतं. गेल्सेनकिर्शेन इथली आयकेटी ही संस्था साइटवरून आलेले असे नमुने तपासते आणि दरवर्षी लाइनरचा अहवाल जाहीर करते. ताठरता, वाकवण्याची ताकद, जाडी आणि पाणी झिरपू न देण्याची क्षमता, अशा चार कसोट्यांवर किती नमुने उतरले हे त्यात कंत्राटदारांच्या नावांनिशी छापलेलं असतं. महापालिकेच्या अभियंत्याला टेंडर उघडण्याआधीच कुणाचं काम कसं आहे हे कळतं. आपल्याकडे दर किती भरला हे सगळ्यांना माहीत असतं, पण मागच्या कामाचा नमुना पास झाला की नापास, हे मात्र कुठेच वाचायला मिळत नाही. ही यादी कुठल्याही मोठ्या महापालिकेला सुरू करता येईल. त्यासाठी लागणारी चाचणी साधी, तीन बिंदूंवर पट्टी वाकवण्याची आहे.

पॉलिइथिलीनच्या अस्तरांचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे दुखणं निराळं आहे. पिण्याच्या पाण्याच्या जुन्या बिडाच्या किंवा पोलादी वाहिनीत पॉलिइथिलीनचा पाइप ओढून घालतात. इथे दाब आतून असतो. पीई १०० या नावातला आकडा सांगतो, की २० अंशांना ५० वर्षं १० मेगापास्कलचा ताण पाइपनं सोसायला हवा. सुरक्षितता गुणांक त्याच्यावर वेगळा. हा पाइप थकतो तो एखाद्या ओरखड्यापासून अतिशय सावकाश पुढे जाणाऱ्या तड्यानं, आणि पाण्यातल्या क्लोरीननं त्यातली संरक्षक द्रव्यं हळूहळू संपवल्यावर. जुन्या लोखंडी पाइपमधल्या गंजाच्या धारदार कडांवरून तो ओढत नेताना ओरखडे पडतातच. ते भिंतीच्या जाडीच्या दहा टक्क्यांहून खोल नसावेत असा दंडक आहे, आणि ओढून बाहेर आलेलं टोक हात फिरवून, मोजून पाहणं ही त्याची पहिली तपासणी. तेल-वायूच्या वाहिन्यांत आणखी एक धोका: वायू प्लास्टिकमधून सूक्ष्म प्रमाणात झिरपून मागच्या फटीत साचतो, आणि आतला दाब एकदम उतरवला तर तोच वायू अस्तराला आत कोसळवतो. त्यासाठी मधली फट मोकळी करणाऱ्या झडपा ठेवतात आणि दाब हळूहळू उतरवतात.

राहिला प्रश्न ५० वर्षांनंतरचा. टणक झालेलं रेझिन वितळवता येत नाही, त्यामुळे रेझिनचं अस्तर काढायचं म्हणजे आतून रोबोट कटरनं किंवा अतिउच्च दाबाच्या पाण्यानं तुकडे करत जायचं. ते काम महाग आणि संथ आहे, निघालेल्या तुकड्यांचा पुनर्वापरही अवघड. जास्त शक्यता अशी, की आधीच्या अस्तराच्या आत दुसरं अस्तर बसेल. आपल्या ६०० मिलिमीटरच्या वाहिनीत पहिल्या अस्तरानं व्यास ५८० होतो, पण भिंत गुळगुळीत झाल्यामुळे कागदावर तरी वहनक्षमता वाढते. दुसऱ्या अस्तरानं व्यास ५६० होईल; या वेळी गुळगुळीतपणाचा नवा फायदा नाही, आणि वहनक्षमता नऊ टक्क्यांच्या आसपास घटेल. शहराची लोकसंख्या तोवर वाढलेली असेल. म्हणून आज पहिलं अस्तर बसवताना, पुढच्या अस्तरानंतर ही वाहिनी पुरेल का, हे त्याच फाइलमध्ये मांडून ठेवायला हवं. आणि त्या फाइलला कामाच्या दिवशीच्या तुकड्याचे चाचणी-आकडे, तळाच्या तारांचा तापमान आलेख आणि शक्य असेल तर त्या तुकड्याचा अर्धा भाग कुठे ठेवला आहे त्याची नोंद जोडलेली असायला हवी.